सर्टिफिकेट आलं, पण दहा ओळींचा प्रोग्राम येईना: भांडुपमधलं एक प्रकरण

हे प्रकरण एका मुलीचं आहे. भांडुप पश्चिमेला माझे गणिताचे क्लासेस आहेत, आठवी ते दहावी, तिथे ती तिन्ही वर्षं होती. तिचं नाव देत नाही, तिच्या ऑफिसचं आणि कोर्सवाल्यांचंही देत नाही, बाकी झालं तसं सगळं लिहितेय, कारण "कोडिंगचा कोर्स पूर्ण केला पण स्वतःहून काहीच लिहिता येत नाही" असं सांगणारी मुलं आता दर वर्षी भेटतात आणि प्रत्येकाला घरचे एकच ऐकवतात, तुझं गणित कच्चं ना, मग कसं जमणार. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते या एका मुलीवरून नीट सांगता येईल.

दहावीला तिला गणितात बरे मार्क होते. अकरावीला कॉमर्स घेतलं तेव्हा जे सगळ्यांना सांगतात तेच तिलाही सांगितलं गेलं, मॅथ्स नको, एसपी घे, टक्के वाढतात. आपल्या बोर्डात कॉमर्सला मॅथ्सऐवजी सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेता येतं, त्यामुळे सोळाव्या वर्षी, फारसा विचार न करता, गणिताची वही बंद झाली ती झालीच. पुढे बी.कॉम. करता करता फोर्टला एका सीएच्या ऑफिसात लागली. काम जीएसटीचं. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे समोरच्या पार्ट्यांनी आपल्या नावावर कुठली बिलं दाखवली त्याची यादी, ती क्लायंटच्या परचेस रजिस्टरशी जुळवायची आणि २० तारखेच्या आत रिटर्न भरायचं. हे सहा दिवस ती डोळे फुटेपर्यंत एक्सेलच्या दोन खिडक्या शेजारी लावून बसायची. ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आली तर हे काम आपोआप होतं, तिथून हे सगळं सुरू झालं.

कोर्स ऑनलाइन होता, इंग्रजीत. लॅपटॉप नाही, सगळं फोनवर. भांडुप ते सीएसएमटी स्लो लोकल, सीट मिळो न मिळो, कानात इअरफोन आणि दीडपट स्पीडने व्हिडिओ. शिकवणारा माणूस चांगला होता, मी स्वतः त्यातले बरेच व्हिडिओ बघितलेत, समजावून सांगण्यात खोट काढता येणार नाही. पण प्रॅक्टिस म्हणून जे दिलं होतं त्यात ओळ जवळजवळ पूर्ण तयार, मधला एकच शब्द गाळलेला, तो भरायचा की हिरवी टिक आणि पुढे. नाहीतर चार पर्यायांतला एक निवडायचा. शेवटी सर्टिफिकेट आलं, घरी सगळ्यांनी कौतुक केलं, पप्पांनी प्रिंट काढून आणली. आणि मग एका रविवारी तिने कोऱ्या स्क्रीनवर स्वतः काहीतरी लिहायचं ठरवलं तर पहिली ओळच सुचेना. बघितलेलं सगळं आठवतंय, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) म्हणजे काय विचारा, सांगेल, पण लूप कुठे लावायचा आणि का लावायचा हे काही येत नाही.

भाऊ इंजिनीअरिंगला, तो म्हणाला मॅथ्स सोडलंस ना तिथेच विषय संपला. मग तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, "टीचर, हिला बारावीचं मॅथ्स शिकवा, म्हणजे ते कोडिंग जमेल हिला." फी पण विचारली. मुलगी मान खाली घालून बसलेली.

मी नाही म्हटलं. बारावीचं इंटिग्रेशन शिकवून तिचा प्रॉब्लेम सुटणार नव्हता, आणि वर अजून एका विषयात आपण कमी आहोत हे तिच्या डोक्यात पक्कं झालं असतं.

इथे एका अभ्यासाबद्दल सांगायला हवं. २०२० साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शँटेल प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीच प्रोग्रामिंग न केलेल्या मोठ्या माणसांना ऑनलाइन कोर्सने पायथन शिकवलं, शेवटपर्यंत टिकलेले होते ३६, आणि कोण किती वेगाने शिकतो हे कशावर ठरतं ते तपासलं. माणसामाणसांतल्या वेगाच्या फरकात साधारण १७ टक्के वाटा भाषा शिकण्याच्या क्षमतेचा निघाला, आकडेमोडीच्या कौशल्याचा जेमतेम २ टक्के, आणि सगळ्यात जास्त वाटा तर्क आणि लक्षात धरून ठेवण्याच्या ताकदीचा होता. छत्तीस माणसांवरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये हे खरंच, आणि पुढे ग्राफिक्स किंवा मशीन लर्निंगकडे जाणाऱ्याला गणित लागतंच, मी गणिताचीच शिक्षिका आहे, ते कमी कशाला लेखू. पण पहिल्या पायरीवर अडलेल्या मुलीला "तुझं गणित कच्चं" म्हणणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

मग अडत होतं कुठे? मी तिला एक कागद दिला, त्यावर चार ओळी. पहिली, एक्स = ५. दुसरी, वाय = एक्स. तिसरी, एक्स = एक्स + १. चौथी, वाय छापा. विचारलं काय छापलं जाईल. ती म्हणाली सहा. का, तर "टीचर, वाय आणि एक्स सारखे आहेत ना, एक्स सहा झाला म्हणजे वायपण सहा." आणि लगेच स्वतःच थबकली, म्हणाली तिसरी ओळ तर चुकीचीच आहे, एक्स बरोबर एक्स अधिक एक असं कसं असेल, दोन्हीकडून एक्स गेला की शून्य बरोबर एक.

मला तर हे ऐकून बरं वाटलं, कारण ही कच्च्या गणिताची खूण नाहीच. आठवीपासून आम्हीच तिला शिकवलं की = म्हणजे डावी बाजू आणि उजवी बाजू समान, आणि तिने ते मनापासून धरलं. ही खूण १५५७ साली वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी पहिल्यांदा छापली तीही याच अर्थाने. पायथनमध्ये मात्र तीच खूण हुकूम आहे, उजवीकडचं आधी काढ, मग डावीकडच्या नावात ठेव. म्हणून नंतर एक्स सहा झाला तरी वाय पाचच राहतो, आणि छापलं जातं पाच. पास्कलसारख्या भाषांत हा घोळ होऊ नये म्हणून मुद्दाम = च्या आधी कोलन लावतात. कोर्समध्ये हे एका वाक्यात सांगितलं होतं, दीडपट स्पीडला ते वाक्य किती सेकंदांचं असेल ते तुम्हीच बघा. आणि गाळलेला शब्द भरताना ही समजूत चुकली तरी कुठेच अडत नाही, हिरवी टिक येतेच.

म्हणजे तिला प्रोग्राम लिहिता येत नव्हता ही नंतरची गोष्ट, त्याच्या आधी तिला तो वाचता येत नव्हता. हे तिच्या एकटीचं नाही. २००४ साली रेमंड लिस्टर आणि वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांनी मिळून जो अभ्यास केला त्यातही हेच दिसलं होतं, प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स केलेल्या कितीतरी मुलांना छोटासा तयार कोड हाताने चालवून उत्तर काय येईल हेसुद्धा भरवशाने सांगता येत नव्हतं.

चौकटीची वही

व्हिडिओ बंद करायला सांगितले, कायमचे नाही, तूर्तास. लहान मुलांची गणिताची चौकटीची वही आणायला लावली, आणि रविवारी माझी दहावीची बॅच सुटली की तिने बसायचं. वहीत प्रत्येक चलाला एक उभा रकाना, कोडच्या प्रत्येक ओळीला एक आडवी ओळ, ओळ चालली की ज्या रकान्यात बदल झाला तिथे जुना आकडा खोडून नवा लिहायचा. आम्ही क्लासमध्ये भागाकार शिकवतो तसंच, एकही पायरी मनातल्या मनात नाही. सुरुवातीला तिला हे फार बालिश वाटलं, चेहऱ्यावर दिसायचं, पण करत राहिली.

पहिलं खरं काम दिलं ते नोटांचं. तिचे पप्पा एका दुकानात गल्ल्यावर बसतात, म्हणून तेच घेतलं. रक्कम २८८०, कमीत कमी नोटांत कशी द्यायची? तोंडी तिने पटकन सांगितलं, पाचशेच्या पाच, मग दोनशेची एक, शंभरची एक, पन्नासची एक, वीसची एक, दहाची एक. मी म्हटलं छान, आता हे कसं काढलंस ते वहीत लिही. इथे ती चांगलीच अडकली, कारण हात जे करतो ते शब्दांत मांडणं हेच तर प्रोग्रामिंग आहे. खूप खाडाखोड झाल्यावर वहीत आलं ते असं: २८८० ला ५०० ने भागलं, भागाकार ५, बाकी ३८०. ३८० ला २०० ने, भागाकार १, बाकी १८०. १८० ला १०० ने, भागाकार १, बाकी ८०. मग पन्नासने बाकी ३०, विसाने बाकी १०, दहाने बाकी ०.

पायथनमध्ये दोन तिरप्या रेघा दिल्या की भागाकार मिळतो, टक्क्याचं चिन्ह दिलं की बाकी. हे तिला कोर्समध्ये शिकवलेलं होतं, तिने पाठही केलं होतं, पण टक्क्याचं चिन्ह म्हणजे चौथीतली बाकी हे तिला त्या दिवशी कळलं. पहिल्यांदा तिने सहा नोटांसाठी सहा वेगवेगळे तुकडे लिहिले, आणि मी काहीच बोलले नाही. सहावा तुकडा लिहिताना म्हणाली, "टीचर, हे सगळं तेच तेच आहे, फक्त नोट बदलतेय." मग लूप तिनेच लावला. नोटांची यादी, आणि आत दोन ओळी, आधी भागाकार छापायचा, मग रक्कम = रक्कम % नोट. ही दुसरी ओळ लिहिताना तिने वर बघितलं, कारण दोन्हीकडे रक्कम होती, ज्या ओळीला ती चुकीची म्हणाली होती तीच ही ओळ, आणि आता ती तिला स्वतःलाच हवी होती. पुढे तिनेच विचारलं की २८८७ असेल तर? सात उरतात, त्यांचं काय करायचं? म्हटलं तू ठरव. तिने नाण्यांची यादी जोडली, ५, २, १.

फोनवर टाइप करणं हा वेगळाच छळ होता, पायथनमध्ये आतल्या ओळी सारख्याच स्पेसनी, सहसा चार, आत ढकलाव्या लागतात आणि फोनच्या कीबोर्डवर एक स्पेस कमी-जास्त झाली की लाल एरर. पण आधी वहीत पूर्ण लिहायचं आणि मग फोनवर उतरवायचं असं केल्यावर निदान हे कळायला लागलं की चूक विचारात आहे की टायपिंगमध्ये. लॅपटॉप असता तर बरं झालं असतं हे आहेच. पण नाही म्हणून थांबायची गरज पडली नाही.

या काळात कोर्सकडे परत जायचं की नाही यावर आमचं बोलणं झालं. मी ऑनलाइन कोर्सच्या विरोधात अजिबात नाही. आमच्या शेजारीच, पवईला आयआयटी बॉम्बेचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, पायथनसकट कितीतरी गोष्टींचे छोटे छोटे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत, फुकट, आणि त्यांची पद्धतच अशी की व्हिडिओ एका बाजूला चालू, मध्ये थांबवायचा, तेच आपल्या मशीनवर करून बघायचं, मग पुढे. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाच्या कोर्समध्ये दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिची मुदत असते, आणि सर्टिफिकेट हवं तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यावी लागते, त्यात असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के. अशा मुदतींचा आणि भरलेल्या पैशांचा फरक पडतो. हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडएक्स या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स साप्ताहिकात आला होता, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास, पण पैसे भरून सर्टिफिकेटच्या रांगेत बसलेल्यांत तेच ४६ टक्के. आता पैसे भरणारा मुळातच जास्त ठरवून आलेला असतो, हे धरायला हवं. पण आमच्या प्रकरणातली मुलगी तर कोर्स पूर्ण केलेल्यांतली होती! पूर्ण करणं आणि येणं यात जे अंतर आहे ते कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही, ते वहीत दिसतं.

जीएसटी नंबरचं शेवटचं अक्षर

दोन याद्या जुळवण्याच्या मोठ्या कामाआधी तिने स्वतःच एक छोटं काम शोधलं. रजिस्टरमध्ये पार्टीचा जीएसटी नंबर कोणीतरी हाताने टाकलेला असतो, एखादं अक्षर चुकतं, आणि मग ते बिल टू-बीशी जुळतच नाही. हा नंबर १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅन, तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवं रजिस्ट्रेशन ते, चौदावं सहसा झेड, आणि पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. म्हणजे टायपिंगची चूक कॉम्प्युटरला टू-बी न बघताच पकडता येते.

गणित असं. ० ते ९ ची किंमत तीच, ए म्हणजे १०, बी ११, असं करत झेड ३५. डावीकडून पहिल्याला १ ने गुणा, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने, असं आलटून पालटून. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागा आणि भागाकार अधिक बाकी घ्या. चौदाव्या जागी झेड असेल तर ३५ दुणे ७०, सत्तरला छत्तीसने भागलं की भागाकार १, बाकी ३४, बेरीज ३५. सगळ्या चौदा बेरजा एकत्र करा, पुन्हा ३६ ने भागून बाकी काढा, ती ३६ मधून वजा करा, जे येईल त्या किमतीचं अक्षर शेवटी असलं पाहिजे. बाकी शून्य आली तर शून्यच. बँकेच्या कार्डांवरच्या नंबरात जी हान्स पीटर लून यांची पद्धत वापरतात तिचाच हा छत्तीसचा अवतार.

बघा, यात भागाकार आणि बाकी सोडून काय आहे? नोटांच्या प्रोग्रामात जे होतं तेच.

तिने लिहिला, चालवला, आणि ऑफिसचा स्वतःचा, शंभर टक्के बरोबर असलेला नंबर प्रोग्रामने चुकीचा ठरवला. पूर्वी असती तर ॲप बंद करून झोपली असती. आता वही काढली, चौदा आडव्या ओळी आखल्या आणि एकेक अक्षर चालवत गेली. चौदाव्या ओळीला झेडची किंमत आली ३६, दुप्पट ७२, भागाकार २, बाकी ०. तिथे पेन थांबवून म्हणाली, "छत्तीसने भागल्यावर बाकी पस्तीसच्या वर जातच नाही, मग अक्षराची किंमत छत्तीस कशी असेल?" ए हे रांगेतलं अकरावं अक्षर म्हणून तिने त्याला ११ दिले होते, पण रांग शून्यापासून सुरू होते. एक आकडा बदलला, नंबर बरोबर ठरला. मी फक्त शेजारी बसले होते.

आणि मग तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय खरं तर. "टीचर, पण हे नेहमी पकडेल कशावरून? दोन वेगळ्या अक्षरांची बेरीज सारखीच आली तर?" हा गणिताचा प्रश्न आहे, शंभर टक्के गणिताचा, आणि तो एसपी घेतलेल्या मुलीने कोणी न सांगता विचारला. म्हटलं करून बघ. तिने ० ते ३५ सगळ्यांची दुप्पट करून भागाकार अधिक बाकी काढली. ० ते १७ पर्यंत आले ०, २, ४ करत ३४, म्हणजे सगळे सम. १८ पासून पुढे आले १, ३, ५ करत ३५, सगळे विषम. एकही आकडा दोनदा आला नाही, एकही सुटला नाही. म्हणजे एकच अक्षर चुकलं असेल तर बेरीज बदलणारच, आणि चूक हमखास पकडली जाणार. कुठल्याही बारावीच्या पुस्तकाशिवाय तिने हे सिद्ध केलं, चौकटीच्या वहीच्या एका पानावर. आईला फोन करून सांगितलं मी त्या दिवशी.

क्लायंटचा डेटा फोनवर आणायचा नाही हे मी सुरुवातीलाच बजावलं होतं, घरी तिने मनाने बनवलेले नंबर वापरले, आणि सरांची परवानगी घेऊन प्रोग्राम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालवला. काही नंबर खरंच चुकीचे सापडले. एके ठिकाणी मात्र प्रोग्रामने हिरवा कंदील दिला आणि बिल तरी जुळेना, बघितलं तर नंबर बरोबरच होता, पण दुसऱ्याच पार्टीचा. तिला जरा वाईट वाटलं, पण हे प्रोग्रामचं अपयश नाही, शेवटचं अक्षर लिहिण्यातली चूक पकडतं, माणसाने पार्टीच चुकीची निवडली तर त्याला काय कळणार.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. फंक्शन, म्हणजे नाव देऊन पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा, स्वतः लिहायचा तिला अजून कंटाळा येतो, एकच लांबलचक कोड लिहिते. १४ ते २० तारखेच्या मधला रविवार तर हमखास बुडतो. भाऊ म्हणतो बारावीचं मॅथ्स केल्याशिवाय पुढे अडेल, आणि पुढे कधीतरी अडेलही, तेव्हा जे लागेल ते शिकू, निदान कशासाठी शिकतोय ते तरी माहीत असेल.

सध्या याद्या जुळवायचं काम हातात आहे. पहिला प्रयत्न तिने लूपमध्ये लूप लावून केला, म्हणजे इकडचं प्रत्येक बिल तिकडच्या प्रत्येक बिलाशी. दोन्हीकडे तीन तीन हजार ओळी धरल्या तर तुलना किती होतील विचारलं, तिने गुणाकार केला, ९० लाख, आणि स्वतःच म्हणाली की काहीतरी दुसरं पाहिजे. पायथनमधल्या डिक्शनरीवर, म्हणजे किल्ली दिली की तिच्यासमोरची नोंद थेट काढून देणाऱ्या यादीवर, आलोय आता, पार्टीचा नंबर आणि बिल नंबर मिळून एक किल्ली करायची असं ठरलंय. त्याआधी बिल नंबरांचा घोळ निस्तरावा लागणार, कारण एकच बिल रजिस्टरमध्ये मधल्या तिरप्या रेघेसकट आहे आणि टू-बीमध्ये पुढे दोन शून्यं लागून आलंय, आणि कुठलं शून्य काढायचं, कुठलं ठेवायचं याचे नियम ती या आठवड्यात वहीत लिहून आणणार आहे.